गाडीच्या दाराचें हँडल

गळिताचा हंगाम ऐन भरांत असतांना सातारा किंवा सांगली जिल्ह्यांतल्या एखाद्या साखर कारखान्याच्या आवारांत रात्रीच्या वेळीं फेरफटका मारावा. उसानें भरलेले ट्रक वजनकांट्याच्या वाटेवर एकामागें एक उभे असतात. एखादा ड्रायव्हर चहा पिऊन परत येतो, आपल्या बाजूच्या दाराकडे ढुंकूनहि पाहत नाहीं, ट्रकच्या तोंडाला वळसा घालून डाव्या दारानें वर चढतो आणि गिअरच्या दांड्यावरून पाय टाकून आपल्या जागेवर जाऊन बसतो. दुसरा अर्ध्या उतरलेल्या कांचेंतून कोपरापर्यंत हात आंत घालतो व आंतलें हँडल ओढून दार उघडतो. तिसऱ्याच्या दाराच्या फटींतून गांठ मारलेली सुतळी बाहेर लोंबत असते. ती ओढली कीं दार उघडतें. तिघांचें दुखणें एकच. दाराचें बाहेरचें हँडल मोडलेलें आहे.

हें दुखणें ट्रकवाल्यांचें, घरगुती गाडीला त्याची बाधा नाहीं, असें ज्या शहरी गृहस्थाला वाटत असेल त्यानें आपल्या सोसायटीच्या आवारांतल्या बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो अशा उंच गाड्यांच्या मागल्या दारांवर एकदां नजर टाकावी. चार दारांपैकीं एखादें असें सांपडतें कीं, पाहुणा त्याला हात लावूं लागला म्हणजे घरचें माणूस घाईघाईनें म्हणतें, “तें नको, पलीकडून बसा.” इंजिनाचा आवाज किंचित् बदलला तर दुसऱ्या दिवशीं गाडी गॅरेजला जाते, पण हँडल मोडलें तर गाडी चालायची थांबत नाहीं, म्हणून तें काम दिवाळीनंतर, मग उन्हाळ्यानंतर, असें पुढें पुढें जात राहतें. मूठ हा चांगला मराठी शब्द असतांना हँडल कशाला, असें कोणी विचारील. गॅरेजांत मूठ मागितली तर मिस्त्री तोंडाकडे पाहत राहील. तेव्हां येथेंहि हँडलच म्हटलेलें बरें.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे पूर्वीं एकच होते. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा काढला गेला आणि १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. मोटारीच्या दाराची परीक्षा पाहण्यास याहून चांगला मुलूख शोधून सांपडणार नाहीं. पश्चिमेस महाबळेश्वर, तेथें वर्षाला सरासरीनें साडेपांच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत हे अवर्षणाचे तालुके. महाबळेश्वरच्या पावसाचा दहावा हिस्सा पडला तरी तेथें माणसें समाधान मानतात. म्हणजे एकच गाडी सकाळीं वाई-पांचगणीच्या धुक्यांतून निघाली आणि संध्याकाळीं जतला पोंचली, तर तिच्या दारानें एका दिवसांत ओल आणि धूळ हे दोन्ही शत्रू पाहिलेले असतात. पाणी दाराच्या कांचेच्या कडेनें पोटांत उतरतें. धूळ तर कोठूनहि शिरते. धूळ ओलीवर बसली म्हणजे चिखल होतो, चिखल वाळला म्हणजे लेप होतो, आणि तो लेप नेमका जेथें बसावयास नको तेथें बसतो.

तें ठिकाण कोणतें हें समजण्यासाठीं दार बंद राहतें तें कशामुळें हें प्रथम पाहिलें पाहिजे. गाडीच्या चौकटीच्या खांबावर जाड पोलादी सळईची एक कडी पक्की बसविलेली असते. तिला स्ट्रायकर म्हणतात. दाराच्या कडेला, पत्र्याच्या पोटांत, लॉक असतें. किल्ली फिरते तें लॉक निराळें. हें दार धरून ठेवणारें लॉक. त्यांत खेकड्याच्या नांगीसारखा एक फिरता आंकडा असतो. दार लोटलें कीं आंकडा कडीवर आपटून फिरतो व तिला आपल्या नांगींत धरतो. त्याच क्षणीं शेजारचा एक लहानसा खटका स्प्रिंगच्या जोरानें आंकड्याच्या दांत्यांत पडतो आणि त्याला मागें फिरूं देत नाहीं. असे दांते दोन असतात. पहिल्यावर खटका पडला तर दार अर्धवट लागतें व खडखडूं लागतें. दुसऱ्यावर पडला म्हणजे तें पुरतें लागलें. दार उघडणें याचा अर्थ हा खटका बाजूला सारणें, एवढाच आहे.

बाहेरच्या हँडलाचें काम तेवढेंच. तें एका खिळ्यावर झुलतें. बोटांनीं त्याचा बाहेरचा भाग ओढला कीं आंतल्या बाजूची आखूड भुजा खालीं जाते. त्या भुजेला एक बारीक रॉड प्लॅस्टिकच्या क्लिपेनें जोडलेला असतो. रॉड लॉकावरची चिमुकली तरफ हालवितो, तरफ खटक्याला सारते, आंकडा सुटतो, आणि दाराच्या कडेचें दबलेलें रबरच दाराला जरासें बाहेर ढकलतें. हात सोडला कीं स्प्रिंग हँडलाला पुन्हां जागेवर आणून बसविते. कांहीं जुन्या गाड्यांना हँडलाच्या टोकाशीं अंगठ्यानें दाबावयाची कळ असे. कांहीं नव्यांना रॉडऐवजीं सायकलच्या ब्रेकसारखी केबल असते. बाहेरचें रूप बदललें तरी आंतला व्यवहार तोच. दुसऱ्या महायुद्धांतल्या मूळच्या विलीज जीपला मात्र हा व्यवहारच ठाऊक नव्हता, कारण तिला दारेंच नव्हतीं. तिच्या वंशांतल्या आजच्या गाड्यांना दारें आलीं आणि दारांबरोबर हें दुखणेंहि आलें.

आतां मुख्य गोष्ट. हँडल मोडलें म्हणजे दोष हँडलाचा, अशी सार्वत्रिक समजूत आहे, आणि ती बहुधा चुकीची असते. लॉक निरोगी असेल तर खटका सरकावयास दोन बोटांचा जोर पुरतो. लॉकांत धुळीचा आणि वाळलेल्या ग्रीसचा लेप बसला, किंवा गंज धरला, म्हणजे तोच खटका जड होतो. माणूस मग दोन बोटांऐवजीं चार बोटें लावतो, पुढें मनगट लावतो, आणि शेवटीं खांद्यापासून हिसडा देतो. हा बदल इतका हळू होतो कीं त्या माणसाच्या ध्यानांतहि येत नाहीं. रोजचा हात रोजच्या दाराला सरावतो. हँडलाची बाहेरची बाजू लांब व आंतली भुजा आखूड असते, ही तरफेची रीत शाळेंत शिकलेली सर्वांना आठवत असेल. समजा, हें प्रमाण तिनास एक आहे. तर बाहेर पांच किलो जोर लावला असतां आंतल्या भुजेवर पंधरा किलोंचा ताण येतो. जी भुजा फार थोड्या ताणासाठीं घडविली तिच्यावर तो दिवसांतून वीस वेळां येऊं लागला, तर एखाद्या दिवशीं ती तुटणारच. म्हणजे ज्याला चोर समजून हांकलून दिलें तें हँडल वास्तविक फिर्यादी होतें. नवें हँडल आणून त्याच जड लॉकाला जोडलें तर तेंहि त्याच वाटेनें जातें, आणि मग, “हल्लीं मालच कसला येतो!” असें म्हणून गृहस्थ तिसरें घेण्यास निघतो.

दुसरें मूळ बिजागऱ्यांत असतें, आणि ट्रकच्या बाबतींत तें पहिल्यापेक्षांहि मोठें आहे. ट्रकची केबिन उंच. चढतांना धरण्यासाठीं दाराजवळ दांडा दिलेला असतो. पण उघडें दार हाताला अधिक जवळ, म्हणून ड्रायव्हर त्यालाच लोंबकळून वर चढतो. क्लीनर तर दारावर उभा राहून मागें पाहत गाडी रिव्हर्स घ्यावयास लावतो. बोलेरोच्या मागल्या दाराला धरून चढणारे आजोबाहि यांतलेच. अशानें बिजागरीचा खिळा आणि बुश झिजतात व दाराची मोकळी बाजू खालीं उतरते. फरक दोन-तीन मिलिमीटरांचा असतो, पण तेवढ्यानें आंकडा कडीवर मधोमध न बसतां तिच्यावर घांसत बसतो. घांसून बसलेला आंकडा सुटतांनाहि घांसतो. खटका मोकळेपणीं सरत नाहीं. पुन्हां जोर, पुन्हां हिसडा. याची परीक्षा अगदीं सोपी आहे. दार अर्धें उघडावें, त्याची खालची कड दोन्ही हातांनीं धरून वर उचलून पाहावी. कड हालली, टक् असा आवाज आला, कीं बिजागरी गेली असें समजावें. दार लावतांना शेवटच्या क्षणीं तें वर उचलल्यासारखें होत असेल तरी अर्थ तोच. बुश बदलण्यास फारसा खर्च नसतो. पण बुश दिसत नाहीं आणि हँडल दिसतें, म्हणून पैसे हँडलावर खर्च होतात.

तिसरें कारण तेवढें मोठें नाहीं, पण चटकन् बरें होणारें आहे. पुष्कळदां हँडल धडधाकट असतें आणि फक्त रॉडची ती प्लॅस्टिकची क्लिप सुटलेली किंवा तडकलेली असते. हँडल ओढावें तर तें सैल, निर्जीव लागतें. आंत कांहीं हालल्याचा आवाजहि येत नाहीं. अशा वेळीं नवें हँडल घेण्यापूर्वीं दाराचें पॅड काढून पाहावें. क्लिप किरकोळ किंमतीची वस्तु आहे.

हँडल खरोखरच तुटलें असेल तर तें जोडतां येईल काय, हा प्रश्न खेड्यापाड्यांतून नेहमीं निघतो, आणि वेल्डिंगवाल्याकडे पहिली धांव जाते. ज्या भागांत किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० सालापासून लोखंडी नांगर ओतूं लागला त्या भागांतल्या माणसाला ओतीव आणि घडीव यांतला भेद सांगावयास नको. पण हँडलाची जात त्याहून निराळी आहे. धातूच्या हँडलांतलीं पुष्कळशीं जस्ताच्या मिश्रणाचीं, सांच्यांत दाबून ओतलेलीं असतात. वरच्या चकाकीमुळें तीं पोलादासारखीं दिसतात इतकेंच. लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतें, तर जस्त ४२० अंशांच्या सुमारासच पाणी होतें. वेल्डिंगची ठिणगी लागतांच जोड होण्याऐवजीं भुजेचा गोळा होऊन खालीं पडतो. बाकीचीं हँडलें प्लॅस्टिकचीं. वर्षानुवर्षें उन्हांत उभ्या राहणाऱ्या गाडीचें प्लॅस्टिक कडकडीत होतें आणि त्याची भुजा तुटतांना आधीं वांकूनहि दाखवीत नाहीं. चिकटद्रव्यानें जोडलेली भुजा चार दिवस टिकते, आणि पांचव्या दिवशीं ज्या ठिकाणीं गरज नसावी त्या ठिकाणीं सोडते. तुटलेलें हँडल बदलावें, हें उत्तर येथें खरोखरच स्वस्त आहे.

पूर्वीं पुष्कळ ट्रक कारखान्यांतून नुसत्या सांगाड्याच्या रूपांत येत आणि केबिन गांवचा बॉडीबिल्डर लाकूड-पत्र्यानें बांधून देई. त्या दाराचें हँडल मोडलें तर त्याच कारागिराकडे साधी लोखंडी वस्तु मिळे, आणि ती बसविण्यास हातोडी व चार स्क्रू पुरत. आजच्या दारांत हँडलाबरोबर किल्लीचें लॉक, सेंट्रल लॉकची तार, कांहीं गाड्यांत किल्लीवांचून दार उघडणारें बटन, असा सारा संसार असतो. म्हणून आजचा ड्रायव्हर सुतळीकडे वळतो, आणि त्याला नांवें ठेवण्यापूर्वीं त्याची अडचण समजून घ्यावी. हंगामांत ट्रक एक दिवस उभा राहिला तर एक खेप बुडते. सुतळी फुकट आहे.

परंतु सुतळीचा आणि अर्ध्या उघड्या कांचेचा काळ आतां सरत चालला आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड मालवाहू गाड्यांच्या केबिनला वातानुकूलन असलेंच पाहिजे असा केंद्र सरकारचा नियम झाला आहे. ड्रायव्हरच्या दृष्टीनें ही चांगली गोष्ट झाली. वैशाखांत जत-आटपाडीच्या रस्त्यावर तापलेल्या केबिनमध्यें बसणें म्हणजे काय, तें बसणाऱ्यालाच ठाऊक. पण थंड केबिनची कांच बंद असते. ज्या कांचेंतून आजवर कोपरापर्यंत हात आंत जात होता तो मार्ग त्यामुळें बंद होतो. हँडल मोडलेल्या ट्रकांत ड्रायव्हर कांचा लावून झोंपला आणि आंत कांहीं धूर झाला, किंवा त्यालाच कांहीं झालें, तर बाहेरच्या माणसाच्या हातीं दार उघडण्याचें साधन राहत नाहीं.

बाहेरचें हँडल हें आपल्या सोयीसाठीं आहे, अशी मालकाची कल्पना असते. आपल्याला आंतून उतरतां येतें, मग काय बिघडलें? पुणें-बंगळूर महामार्ग या दोन जिल्ह्यांतून जातो; खंबाटकीच्या घाटांत किंवा कऱ्हाडच्या पुढें एखादी गाडी कलंडली कीं पहिल्यानें धांवून येतो तो शेजारच्या शेतांतला शेतकरी किंवा मागून येणारा ट्रकवाला. त्याच्या हातांत कटर नसतो, पहार नसते. तो जें पहिलें हँडल हाताला लागेल तें ओढतो. आंतला माणूस त्या वेळीं शुद्धींत असेलच असें नाहीं, आणि असला तरी त्याचा हात मोकळा असेल असें नाहीं. बाहेरचें हँडल त्या अनोळखी माणसासाठीं आहे.

घरगुती गाडींत याच धोक्याचें आणखी एक रूप आहे, आणि तें पुष्कळ आईबापांच्या लक्षांत आलेलें नसतें. मागल्या दाराच्या कडेला, दार उघडल्यावरच दिसेल अशी, एक लहानशी कळ असते. तिला चाइल्ड लॉक म्हणतात. ती लावली म्हणजे आंतलें हँडल ओढूनहि दार उघडत नाहीं. चालत्या गाडींत मुलानें दार उघडूं नये म्हणून ही उत्तम व्यवस्था आहे. या व्यवस्थेंत तें दार उघडण्याचा एकच मार्ग शिल्लक राहतो: बाहेरचें हँडल. तें मोडलेलें असेल तर मूल ज्या दाराशीं बसलें आहे तें दार आंतूनहि उघडत नाहीं आणि बाहेरूनहि उघडत नाहीं. तें दार राहिलें नाहीं, भिंत झाली. “तें नको, पलीकडून बसा” असें ज्या घरांत म्हटलें जातें त्या घरानें निदान त्या बाजूचें चाइल्ड लॉक त्याच दिवशीं सोडून ठेवावें आणि मुलाला दुसऱ्या बाजूला बसवावें. दार एकदां बंद होऊन अडकलें तर ती कळहि हाताला लागत नाहीं, कारण ती दाराच्या कडेंतच असते.

नव्या मोठ्या गाड्यांत पत्र्याशीं सपाट होऊन बसणारीं हँडलें निघालीं आहेत. २०२१ सालच्या महिंद्र एक्सयूव्ही ७०० ला तशीं आहेत. टाटांच्या कर्व्हलाहि आहेत. तीं दिसतात छान. अशा हँडलांच्या कांहीं जातींत तें बाहेर यावयासहि विजेची मोटर लागते. गाडीची वीज गेली म्हणजे धांवून आलेल्या माणसाला धरावयास कांहीं उरत नाहीं. चीनमध्यें हा प्रश्न इतका पेटला कीं तेथील सरकारनें २०२७ च्या आरंभापासून नव्या नमुन्याच्या मोटारींना विजेवांचून, हातानें उघडणारें हँडल सक्तीचें ठरविलें आहे. पुढें जाऊन पुन्हां मागें येण्याचा हा प्रकार गंमतीचा खरा. पण ज्यांनीं तो नियम केला त्यांच्यापुढें गंमत नव्हती.

आतां दुरुस्तीकडे वळावें. हें काम मिस्त्रीनेंच करावें. तें तासा-दीड तासाचें आहे. परंतु गाडीच्या मालकानें त्या वेळीं जवळ उभें राहावें, कारण यांत चार ठिकाणीं घाई होते. काम असें चालतें. कांच पूर्ण वर घेऊन दाराचें आंतलें पॅड काढतात. त्याचे स्क्रू आंतल्या हँडलाच्या वाटींत व हातटेकूच्या खालीं दडलेले असतात, आणि कडेनें प्लॅस्टिकच्या गुंड्या असतात. पॅडाखालीं पत्र्याला चिकटविलेला एक प्लॅस्टिकचा पडदा असतो. पहिली घाई येथें होते. हा पडदा म्हणजे मिस्त्रीच्या वाटेंतला अडथळा. तो टर्रकन् फाडला जातो आणि परत बसविला जात नाहीं. वास्तविक दाराच्या पोटांत उतरणारें पावसाचें पाणी पडद्याच्या आडून खालीं जावें व तळाच्या भोकांतून बाहेर पडावें, अशी ती योजना आहे. पडदा गेला म्हणजे पाणी पॅडावर येतें, पॅड फुगतें, पायाखालचा गालिचा ओला राहतो. आणि महाबळेश्वरच्या एका पावसाळ्यांत गाडीला जो कुबट वास सुटतो त्याचें मूळ कोणालाच सांपडत नाहीं. पडदा कडेनें हळूहळू सोडवावा आणि तोच पुन्हां चिकटवावा.

मग पत्र्याच्या भोकांतून हात घालून रॉड सोडवितात, हँडलाचे दोन नट काढतात, आणि हँडल बाहेरून निघतें. पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात. हातमोजे नसतील तर निदान जाड फडकें मनगटाला गुंडाळावें. ज्या हँडलांत किल्लीचें लॉक बसविलेलें असतें, तेथें जुन्यांतलें लॉक नव्यांत घालून घ्यावें. नाहींतर एका गाडीला दोन किल्ल्या होतात. डावें आणि उजवें हँडल एक नसतें, हेंहि दुकानांतच पाहावें. सांगलीच्या शंभरफुटी रस्त्यावरून घेतलेलें उजवें हँडल शिराळ्याला पोंचल्यावर डावें निघालें म्हणजे दिवस गेला.

हँडल बसविण्यापूर्वीं लॉक धुवावें. हीच ती पायरी जी दहांतल्या नऊ वेळां गाळली जाते, आणि हिच्याचसाठीं मालकानें तेथें उभें राहावयाचें. लेप विरघळविणारा फवारा मारून, ब्रशनें घांसून, आंकडा व खटका बोटानें मोकळे हालूं लागेपर्यंत साफ करावें. मग पांढरें ग्रीस थोडेंसें लावावें. पुष्कळ गॅरेजांत येथें डिझेल किंवा जळकें ऑइल मारतात. त्यानें त्या दिवशीं दार लोण्यासारखें चालतें, आणि पंधरा दिवसांत तेंच ऑइल माणदेशची सगळी धूळ आपल्याजवळ बोलावून घेतें. किल्लीच्या भोकांत तर तेल घालूंच नये. तेथें शिसपेन्सिलीच्या शिशाची, म्हणजे ग्राफाइटची, कोरडी पूड बरी.

रॉडची लांबी जेथें कमी-जास्त करतां येते तेथें ती नीट बेतावी लागते. मिरजेंत तंबोऱ्याची तार जुळविणारा कारागीर तिला ताणतो पण तोडीत नाहीं, सोडतो पण ढिली करीत नाहीं; रॉडचें तसेंच. फार ताणून बसविला तर खटका नेहमींच किंचित् उचललेला राहतो, दार पुरतें धरत नाहीं, आणि खड्ड्यांत गाडी आपटली कीं उघडण्याची भीति. फार ढिला ठेवला तर हँडल अर्धें ओढलें जाईपर्यंत कांहींच होत नाहीं व माणूस पुन्हां हिसडा देऊं लागतो. हँडलाला तांदळाच्या दाण्याइतकी मोकळी चाल असावी आणि त्यापुढें लगेच लॉक हालावें.

शेवटची घाई सर्वांत महाग पडते. सारें जोडून झालें, मिस्त्रीनें समाधानानें दार धाडकन् लावलें, आणि मग हँडल ओढलें तर तें उघडेना. क्लिप नीट बसलेली नव्हती. म्हणून दार उघडें असतांनाच परीक्षा घ्यावी. स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यानें लॉकाचा आंकडा दाबून दोन खटके पडेपर्यंत बंद करावा, जणूं दार लागलें आहे. मग बाहेरचें हँडल ओढावें. आंकडा सुटला पाहिजे. आंतल्या हँडलानें एकदां, बाहेरच्यानें एकदां, किल्लीनें एकदां, आणि मागलें दार असेल तर चाइल्ड लॉक लावून एकदां. ही सारी परीक्षा उरकल्यावांचून तें दार लावूं देऊं नये.

पुरांतून निघालेल्या गाडीचा विचार वेगळा करावा लागतो. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं कृष्णा ५७ फुटांवर चढली. तेथें धोक्याची पातळी ४५ फूट आहे. १९२९ सालीं खुला झालेल्या त्या पुलाखालून पुष्कळ पूर गेले, पण या पुरांत शहरांतल्या गल्ल्यांतून गाड्या दिवसेंदिवस बुडून राहिल्या. २०२१ च्या जुलैंत पुन्हां पाणी आलें. अशी गाडी बाहेर काढल्यावर लोक इंजिन खोलतात, सीटा वाळवितात, विजेच्या तारा बदलतात. दारें मात्र बाहेरून धुऊन पुसलीं जातात. त्यांच्या पोटांत बसलेला कृष्णेचा गाळ तळाचीं भोकें बुजवितो, लॉकांत सिमेंटासारखा वाळतो, आणि भोकें बुजलेल्या दारांत पुढच्या प्रत्येक पावसाचें पाणी सांचून तळ गंजूं लागतो. पुरांत बुडालेल्या गाडीचीं चारहि पॅडें काढून लॉकें धुतल्यावांचून ती गाडी बरी झाली असें समजूं नये. जुनी गाडी विकत घेतांनाहि दाराच्या तळाच्या भोकांत काडी घालून पाहावी. सुका, मऊ, पिवळट गाळ निघाला कीं तिचा इतिहास कळला.

उरला एकच प्रसंग: दार बंद आहे, बाहेरचें हँडल मोडलेलें आहे, आणि आंतलेंहि चालत नाहीं. येथें पहार घालून दार उचकटण्याचा मोह होतो. तो आवरावा, चौकट एकदां वांकली कीं त्या दारांतून वारा शिट्टी वाजवितो व पाणी येतें, आणि त्याचा खर्च हँडलाच्या अनेक पट होतो. मिस्त्री दुसऱ्या दारानें आंत शिरतो, सीट शक्य तितकी मागें सारतो, पॅडाचे हाताला लागणारे स्क्रू काढतो, आणि पॅड वरच्या कडेनें सैल करून तेवढ्या फटींतून किंवा स्पीकरच्या भोकांतून लांब स्क्रूड्रायव्हर लॉकापर्यंत नेतो. डोळ्यांना कांहीं दिसत नाहीं. तरफ बोटांनींच हुडकावी लागते. कधीं पांच मिनिटें लागतात, कधीं दुपार जाते. खटका सरून दार उघडलें कीं आनंदाच्या भरांत तें पुन्हां लावूं नये. दाराच्या कडेला एक जाड फडकें अडकवून ठेवावें, आणि मगच नव्या हँडलाचें खोकें उघडावें.